नंबर आमचाच होता

१४ नोव्हेंबर २०२४

दादांनी — माझ्या सासऱ्यांनी — आज सगळ्यांसमोर शब्द दिला. की टोमणा मारला? मला अजून कळलेलं नाही.

माझ्या नणंदेच्या, समृद्धीच्या, सासरचे लोक याद्या करायला आलेले. लग्न फेब्रुवारीत, इथेच, कल्याणकडच्या मानपाड्याला, आमच्या बिल्डिंगसमोरच्या पटांगणात. सगळं गोडीत चाललेलं. मग तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी सहज विचारलं, "मुलीचे मामा कुठं असतात?" आणि खोलीतले सगळे एकदम मन लावून पोहे खायला लागले. मी सोडून. हा प्रश्न या घरात विचारायचा नसतो, हे वर्षभरात मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "माजिवड्याला." देवेशने टेबलाखालून माझा पाय दाबला. नवरा असा पाय दाबतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पाहुणे गेल्यावर माझी नणंद फुटली. "माझ्या पाठीशी मामा उभा राहणार की नाही? की डेकोरेटरकडून भाड्याने आणायचा?" आई — म्हणजे सासूबाई — उठल्या. गोपीनाथमामा त्यांचा एकुलता एक भाऊ. कप गोळा करून आत गेल्या. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

मग दादांनी खिडकीतून मागच्या शेडकडे बोट केलं. "ती गारी चालू होल ना, तवा मी सोता जाईन गोपीनाथला बोलवाला. त्याच गारीतून."

भाऊकाका, दादांचे धाकटे भाऊ, खो खो हसले. देवेशही हसला. म्हणजे हे 'सूर्य पश्चिमेला उगवला तर' अशा चालीवर बोललेलं असणार. पण मी ठाण्याच्या घरातली, आमच्याकडे बोललेलं बोलल्यासारखं घेतात. मी विचारलं, "चालू म्हणजे किती चालू, दादा? नुसती स्टार्ट झाली तर चालेल?"

दादांनी माझ्याकडे भिंत बोलल्यासारखं बघितलं. "तू करनार चालू?"

"बघते," म्हटलं.

मी मोटार इन्शुरन्सच्या क्लेम डेस्कवर काम करते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघते. बॉनेट कुठून उघडतं ते मला माहीत नाही.

१५ नोव्हेंबर

शेडमध्ये गेले. वर्षभर त्या वस्तूला मी ओटा समजत होते! ताडपत्री, तिच्यावर सुपं, सुपांत आईंनी वाळत घातलेली सुकट, आणि भोवती चार मांजरी राखण करत — सुकटीची की स्वतःच्या नशिबाची, देव जाणे. ताडपत्री बाजूला केली तर खाली पांढरी फियाट. टायर जमिनीत बसलेले. आत लाल रेक्झिनची सीटं, फाटकी, पण कधीकाळी हौसेने शिवलेली.

देवेशकडून भांडणाची हकिगत काढली. तो तेव्हा चार-पाच वर्षांचा, त्यामुळे त्याची हकिगत म्हणजे दादांचीच हकिगत. जमिनीचे पैसे आले तेव्हा दादा आणि मामा, दोघा मेव्हण्या-भावोजींनी दोन फियाट घेतलेल्या. दादांची गाडी म्हणजे दादांचा जीव. रोज धुवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, कुर्ल्याला नेऊन इंजिन नवं करून आणलेलं. मामांची गाडी तशीच, रडतखडत. मग भाऊकाकांचं लग्न झालं. वरातीला दोन्ही गाड्या होत्या. लग्न आटोपलं, मामा आपली गाडी घेऊन माजिवड्याला गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमची गाडी खोकायला लागली. चढाला थांबायची, धूर सोडायची. दादा म्हणाले, गोपीनाथने लग्नाच्या गडबडीत इंजिन बदललं.

"लग्नाच्या गडबडीत? इंजिन? ते काय चपला आहेत?"

देवेश म्हणाला, "रुचिता, तू लॉजिक नको लावू."

मामांना हे भर बैठकीत ऐकवलं गेलं. मामा उठले ते गेले. तेव्हापासून ना भाऊबीज, ना रक्षाबंधन, ना लग्न, ना बारसं. समृद्धीने मामा पाहिलेलाच नाही. गाडी वर्ष-दोन वर्षं दादांनी शिव्या देत चालवली आणि मग चिडून शेडमध्ये लावली.

एका इंजिनासाठी पंचवीस वर्षं. मला वाटलं काहीतरी जमिनीचं असेल. जमिनीचं असतं तर निदान समजलं असतं.

१७ नोव्हेंबर

बॉनेट उघडलं. उंदराने घर केलंय, आतमध्ये समृद्धीच्या दहावीच्या गाईडची पानं!

२० नोव्हेंबर

शहाडला एक महेंद्र म्हणून मेकॅनिक आहे, फक्त जुन्या फियाट करतो. आज आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली, म्हणाला, "पंधरा दिवस. मॅडम, पंधराव्या दिवशी तुम्ही हिच्यातून लोणावळ्याला जाल." मला लोणावळ्याला जायचं नाही, माजिवड्याला जायचंय, म्हटलं. "मग तर दहाच दिवस."

टोइंगवाला आला. मला वाटलं आई खूश होतील. त्यांच्यासाठीच तर चाललंय हे! आई आल्या, सुकटीची सुपं उचलली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कनाला उठवतेस तिला? निजलीय ती."

"आई, मामा येतील ना लग्नाला."

"यावाचा असल तर येल. गारी कनाला पायजे?"

आणि गेल्या. मी तिथेच उभी. ज्यांचं माहेर तुटलं त्याच म्हणतात राहू दे. ज्यांनी तोडलं ते दादा गच्चीवर उभे राहून टोइंगवाल्याला ओरडतायत — "हलू, हलू! मागचा दरवाजा लागंल!" गाडी चालू व्हायला कुणाला हवीय आणि कुणाला नकोय?

२९ नोव्हेंबर

दहा दिवस झाले. महेंद्र म्हणतो पंधरा.

४ डिसेंबर

आज हाफ डे टाकून शहाडला गेलेले. इंजिन जाम आहे. त्याने त्याच्यात कसलं तरी तेल ओतून ठेवलंय, मुरायला. लोणच्यासारखं. "मुरलं की सुटेल." पेट्रोलची टाकी गंजून चाळण झालीय. ब्रेक नाहीत. वायरी उंदराने खाल्ल्या. मी विचारलं, मग आहे काय? तर म्हणे, "बॉडी आहे ना!"

चावी मी घरून घेऊन गेलेले, पण त्याने तोवर कुठल्यातरी वेगळ्याच चावीने गाडी उघडली होती. म्हणतो, जुन्या फियाटांचं असंच, एकीची चावी दुसरीला लागते. क्लेम डेस्कवर हे ऐकलं असतं तर आमच्या साहेबांना चक्कर आली असती.

निघताना महेंद्र म्हणाला, "सासऱ्यांना सांगा, रोज रोज येऊ नका, मी पळून नाही चाललो."

कोण येतं रोज?

"ते काय, टोपीवाले. स्टूल घेऊन बसतात. बोलत काही नाहीत."

घरी तर दादा सांगतात, कल्याणला पाहुण्याकडे जातो.

८ डिसेंबर

आईचा — माझ्या आईचा — ठाण्याहून फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माहेरच्या भांडणात माहेरवाशिणीने पडू नये, आणि सासरच्या भांडणात सुनेने तर नाहीच नाही." मी म्हटलं, मी भांडणात नाही पडले, मी गाडीत पडलेय. तिला हसू आलं नाही.

१३ डिसेंबर

इंजिन सुटलं! महेंद्रने उघडलं आणि मला व्हिडिओ कॉल केला. "मॅडम, हे इंजिन कंपनीतून निघाल्यापासून बाहेर आलेलंच नाही. बोल्ट बघा, रंग बघा, पाना लागलेला नाही एकाला. आज पहिल्यांदा मी काढतोय."

मला इतका आनंद झाला की ऑफिसमध्येच उभी राहिले. म्हणजे मामांनी इंजिन बदललं नाही! इंजिन या गाडीतून कधी बाहेरच आलं नाही! पंचवीस वर्षं एक माणूस उगाच चोर ठरला.

संध्याकाळी दादांना सांगितलं. व्हिडिओ दाखवला. मला वाटलं ते आता मान खाली घालतील. ते ताडकन उठले. "बग! मी बोललेलो!"

"काय बोललेलात?"

"मी माजा इंजिन कुर्ल्याला उघडून बनवून घेतलेला. सगला काढून. आनि यो बोलतो उघडलेलाच नाय! मंग यो माजा इंजिन कसा? बदलला ना!"

मी हिशोब लावला. बरोबर आहे. कुर्ल्याला उघडलेलं इंजिन न उघडलेलं कसं होईल? म्हणजे हे इंजिन आमचं नाही. पण महेंद्रही बरोबर — हे इंजिन या गाडीतून कधी निघालेलं नाही. इंजिन आमचं नाही, आणि गाडीत पहिल्यापासून आहे. दोघंही खरे!

माझं डोकं दुखायला लागलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जेवाला बसा. निवला."

१४ डिसेंबर

रात्रभर तेच. देवेश म्हणतो झोप.

२१ डिसेंबर

समृद्धीची पत्रिका छापून आली. पहिली एकविरा आईला कार्ल्याला जाते, दुसरी मामाच्या घरी. असा इथला रिवाज. पहिली गेली. दुसरी देव्हाऱ्यात ठेवलीय, वर हळदकुंकू. बाकीच्या वाटायला कुणी हात लावत नाही, कारण दुसरीच्या आधी तिसरी कशी द्यायची? समृद्धीच्या मैत्रिणी विचारतात, पत्रिका कधी देतेस. ती म्हणते, कार्बोरेटर बसला की.

२८ डिसेंबर

महेंद्रने दरवाजाच्या आतला गंज घासायला घेतला आणि फोटो पाठवला. सोबत एकच प्रश्नचिन्ह.

पांढऱ्या रंगाखाली निळा रंग.

दरवाजाच्या कडेला निळा, डिकीच्या आत निळा, डॅशबोर्डच्या मागे निळा. महेंद्र म्हणतो कंपनीचा रंग निळा, पांढरा नंतर मारलाय.

दादांना मी मुद्दामच आडून विचारलं, "दादा, आपली गाडी पहिल्यापासून पांढरी?"

"पयल्यापासून. मी सोता पांढरी बुक केलेली."

आईंना विचारलं, "मामांची गाडी कुठल्या रंगाची होती हो?" आई मेथी निवडत होत्या. "रंगाचा काय घेऊन बसलीस. मना आठवत नाय." ज्या बाईला देवेशच्या बारशाला कुणी कुठलं लुगडं नेसलेलं ते आठवतं, तिला भावाची गाडी आठवत नाही?

२९ डिसेंबर

भाऊकाकांना गाठलं. ते त्या लग्नातले नवरदेव, त्यांना आठवणार नाही तर कुणाला?

"गोपीनाथची? निली व्हती ना," म्हणाले आणि हसायलाच लागले. "मीच हट्ट केलेला. माज्या वरातीला दोन पांढऱ्या गाऱ्या पायजेत, जोरी! मंग निलीला पांढरी केली. दादाच्या गारीला पन नवा हात मारला, नायतर एक जुनी एक नवी दिसली असती. सीटपन लाल, दोगांना सारखी."

"आणि नंबर प्लेटी?"

"त्या रंगवाला काढल्या. वरातीला त्या जाग्यावर आमचा नाव लावलेला, भाऊ आनि तुजी काकी, फुलांचा बदाम." काकांचे डोळे अजून चमकतात त्या बदामावर.

"मग परत कुणी लावल्या?"

"लावल्या असतील पोरांनी सकाली. आमी कुटं शुद्धीवर व्हतो?"

मी घरी आले आणि पलंगावर बसून राहिले. दोन सारख्या पांढऱ्या गाड्या. पाट्या नाहीत. चाव्या एकमेकींना लागणाऱ्या. आणि सकाळी अर्धवट शुद्धीतली पोरं, हातात पाने आणि चार पाट्या.

इंजिन कुणीच बदललं नाही. अख्खी गाडीच बदलली!

शेडमध्ये इतकी वर्षं झोपलेली गाडी मामांची आहे.

३० डिसेंबर

दादांना सांगितलं. सगळं, क्रमाने, फोटोसकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "नंबर आमचाच व्हता."

"पाट्या बदलल्या, दादा."

"पन नंबर आमचाच व्हता ना?"

"हो."

"मंग?"

मंग काय सांगू! ज्या माणसाने गाडी रोज स्वतःच्या हाताने धुतली, त्याला गाडी ओळखू आली नाही, कारण पाटी ओळखीची होती. तिचं खोकणं ओळखलं, धूर ओळखला, चढावरचं दमणं ओळखलं — आणि एवढं सगळं परकं असूनही ती आपलीच धरली, आणि चोर ठरवलं माणसाला. मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही पाटी बघूनच माणसं ओळखते की. या घरात आले तेव्हा सगळ्यांवर मनात एकेक पाटी लावलेली. दादा: तापट. आई: गरीब गाय. आता दोन्ही पाट्या नीट बसत नाहीयेत.

२ जानेवारी २०२५

दादा शहाडला गेले. महेंद्रने सांगितलं, खिशातून नाणं काढून त्यांनी स्वतः डिकीचा रंग खरवडला. निळा दिसला तसे बराच वेळ हात लावून उभे राहिले. मग जॅक कुठाय विचारलं, खाली वाकून चासीवरचा नंबर वाचून घेतला, गाडीच्या जुन्या कागदाशी लावून बघितला. जुळला नाही.

घरी येऊन जेवले नाहीत. आईंनी ताट झाकून ठेवलं.

३ जानेवारी

आजही कुणी कुणाशी बोलत नाही. आई सोडून. आई शेजारणीशी नेहमीपेक्षा जास्त बोलतायत.

९ जानेवारी

दादा आज अचानक माझ्याजवळ येऊन बसले. "सूनबाय, मी त्याला चोर बोल्लो. त्याच्या बायकोसमोर."

मी लॅपटॉप मिटला.

"आनि त्याची गारी माज्या घरात. चोर कोन झाला मंग?"

मी म्हटलं, कुणीच नाही, प्यायलेल्या पोरांची चूक. दादा म्हणाले, "पोरा पितातच." आणि उठून गेले. म्हणजे हे पटलं की नाही पटलं? या घरात वाक्य संपतं तेव्हाच माझा गोंधळ सुरू होतो.

१८ जानेवारी

चालू झाली! चालू झाली! चालू झाली!

दोनदा खोकली, एकदा शिंकली, मग सगळं शहाड धुराने भरून टाकलं आणि चालू राहिली. महेंद्र म्हणाला, "बोललो होतो ना पंधरा दिवस." दादा टोपी काढून उभे. मी रडले, का ते माहीत नाही. गाडी माझी नाही, भाऊ माझा नाही, गावही माझं नाही.

आईंना फोन केला. पलीकडून इंजिनाचा आवाज त्यांनी ऐकला असणार. म्हणाल्या, "बरा झाला." आणि फोन ठेवता ठेवता, "मंग आता जावा लागल." जावं लागेल? जायला मिळेल असं नाही?

२६ जानेवारी

माजिवड्याला जाऊन आलो. सगळं लिहायचंय, कुठून सुरुवात करू?

गाडी चालू आहे, पण कागद मेलेले. रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून फियाट फ्लॅटबेड ट्रकवर आणि आम्ही देवेशच्या गाडीत मागोमाग. दादा पुढच्या सीटवर, डोळे समोरच्या फ्लॅटबेडवर, जणू काही फियाट उडी मारेल. मागे आई, समृद्धी आणि मी. आईंच्या मांडीवर पत्रिका, हिरवी साडी, आणि डब्यात सुकट. भावाला आवडते म्हणे. संपूर्ण रस्ता डब्याचं झाकण दाबून बघत होत्या. समृद्धी मात्र बडबडत होती: मामा उंच आहेत का, मामा ओळखतील का, मामाला मी मामा म्हणू की गोपीमामा.

माजिवड्याचं जुनं गाव आता टॉवरांच्या मध्ये बोटाएवढं उरलंय. गल्लीच्या तोंडाशी फियाट खाली उतरवली. दादा म्हणाले, "इथून मी नेतो." शब्द दिलेला ना, त्याच गाडीतून! कितीतरी वर्षांनी स्टिअरिंगवर बसले. गल्ली चालत दोन मिनिटांची, गाडीला दहा लागली. मागे आम्ही चालत. नवरदेवाची वरात असावी तसं लोक दारात आले.

मामा पायरीवर उभे. उंच नाहीत. दादांपेक्षा बारीक, केस पूर्ण पांढरे. गाडी थांबली. दादा उतरले, चावी पुढे केली.

"गोपीनाथ, तुजी गारी. घे."

मामांना काही कळेना. साहजिक आहे. दादांनी सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकले, मग मीच सांगितलं. निळा रंग, पाट्या, कुर्ल्याचं इंजिन. मामा ऐकता ऐकता हळूहळू पायरीवरच बसले. आणि मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"भावोजी, मना वाटला रंगाचा गुन! लग्नावरून आलो न माजी गारी अशी पलाला लागली, पूस नको. मी पेंटरला नारल दिला. विमलाला बोल्लो, रंग लावला न गारी सुधारली!"

"आनि माजी बिगरली," दादा म्हणाले.

"तवा तुमी भर बैठकीत मना बोल्ले, इंजिन चोरला. मी बोल्लो, याचा डोका फिरला."

"फिरलेलाच व्हता," दादा म्हणाले. एवढंच. पण ते बोलताना त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मग काढलाच नाही, चहा येईपर्यंत. विमलामामींनी आईंना मिठी मारली. समृद्धीने पत्रिका दिली आणि खाली वाकली, मामांनी तिला अर्ध्यातच उचललं. "पाठीशी मी उभा राहीन. गुडघे दुखतात, पन उभा राहीन."

आमची खरी गाडी? मामांनी ती केव्हाच भंगारात दिली. दादा म्हणाले, "जाऊ दे. तिचा काम झाला." मामा म्हणाले, "काम लय केला तिनं. आयला आठवड्याला दोनदा परळला न्यायचो दवाखान्यात. कवापन रस्त्यान उभी रायली नाय. जुनी असती ना, माजी, तर आय वाटेतच गेली असती."

मामांच्या आईचा फोटो भिंतीवर. आई फोटोसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. पदराने काच पुसली, आणि त्यांचा चेहरा — कसा सांगू — पाहुणे जेवून तृप्त झाल्यावर बाई भांडी गोळा करते, तसा. मला तो चेहरा कळला नाही. इतक्या वर्षांनी माहेरी येऊन हा चेहरा?

३० जानेवारी

पत्रिका सगळ्या वाटून झाल्या. मामा रोज फोन करतात. दादा 'हॅलो गोपीनाथ' म्हणायला इतके मोठ्याने ओरडतात की फोनची गरजच नाही. कालपासून दोघांचं एकच चाललंय, त्या सकाळची ती पोरं कोण. दादांच्या मते मामांकडची. मामांच्या मते आमच्याकडची. नवं भांडण मिळालंय. पण हसत.

११ फेब्रुवारी

गाडी मामांची म्हणून मामांकडेच ठेवली. शेड रिकामी. आईंनी तिथे मंडपाची तयारी मांडलीय. मांजरी अजून तिथेच बसून असतात, काय झालं ते त्यांनाही कळलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

उद्या हळद. दुपारी आई आणि मी भाकऱ्यांचं पीठ चाळत होतो. दोघीच. मी गंमत म्हणून म्हटलं, पाट्या लावणारी ती पोरं सापडली तर उद्या त्यांना पहिला मान द्यायचा.

"पोरा नव्हती," आई म्हणाल्या. "पाट्या मी लावल्या."

"चुकून?"

"नाय."

चाळणी चालूच होती. "आयला परळला न्यावाची व्हती. गोपीची गारी वाटेत बंद पराची. यांना बोल्ली, आपली द्या. बोल्ले, माजी गारी कुनाच्या हातात जानार नाय."

मी विचारलं, आणि मग एवढं भांडण झालं तेव्हा का नाही सांगितलंत?

"सांगितला असता तर गारी परत आली असती."

थोडं पीठ सांडलं, त्यांनी तळहाताने गोळा केलं.

"दोन वरसा जगली आय. मना बघाला मिलाली नाय. पन जगली."